तीस मिलीचं गौडबंगाल

गेल्या सेमला सबमिशनच्या आठवड्यात माझा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता, हे आमच्या विंगमधल्या पोरींना आठवत असेल. काहींना वाटलं व्हायवाचं टेन्शन. टेन्शन होतंच, पण कारण वेगळं होतं. रूममेटनं मागवलेलं 'सेन्सिटिव्ह स्किन'वालं सीरम मी चार रात्री लावलं होतं. तिला काहीच झालं नाही. माझे मात्र गाल आग आग करायला लागले आणि पाचव्या दिवशी सकाळी डोळ्यांखाली सूज!

त्वचेच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "त्यात काय काय होतं?" मी ऐटीत बाटली पुढे केली. ३० मिलीची, काचेची, ड्रॉपरवाली, दिसायला झकास. तिच्यावर 'हायपोअ‍ॅलर्जेनिक', 'नॅचरल' वगैरे सगळं होतं. घटकांची यादी तेवढी नव्हती. यादी खोक्यावर होती आणि खोकं आम्ही कधीच डस्टबिनमध्ये टाकलेलं. डॉक्टर म्हणाल्या, "मग कशानं झालं ते मी कसं सांगू? उद्या दुसऱ्या बाटलीतून तेच पुन्हा तोंडाला लावशील."

मी बिद्रीची. आमच्याकडे कारखान्याला ऊस घालणारा माणूस काट्याची पावती हातात पडल्याशिवाय हलत नाही. उतारा जरा इकडचा तिकडे झाला की पारावर आठवडाभर तोच विषय. आमचे आजोबा चौथी शिकलेले, पण पावतीवरचा आकडा चष्मा पुसून दोनदा वाचतात. आणि त्यांची कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी, इंजिनिअर होऊ घातलेली नात पाचशे रुपयांचं रसायन न वाचता तोंडाला फासते!

महिन्याभरानं रूममेटनं तेच सीरम परत मागवलं (तिला ते मानवतं, त्याला कोण काय करणार?). या वेळी खोकं मी आधी ताब्यात घेतलं.

यादी वाचायची कशी, ते नियमातच आहे. आपल्याकडे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायचे, त्याखालचे नंतर कुठल्याही क्रमानं. आता यात एक गंमत आहे. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह पुष्कळ सीरममध्ये असतं आणि ते एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे काही येतं ते एक टक्का किंवा त्याहून कमीच! आमच्या खोक्यावर पुढे केशराचं आणि कमळाचं भलंमोठं चित्र होतं. यादीत दोघंही फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली. निव्वळ प्रॉक्सी हजेरी.

पण त्याच तळाच्या रांगेत 'परफ्यूम' आणि संत्र्याच्या सालीचं तेलही होतं, आणि इथंच माझी पहिली समजूत चुकली. कमी आहे म्हणजे निरुपद्रवी, असं नाही. कातडीला ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला टक्का लागत नाही. युरोपात लावून ठेवायच्या प्रसाधनात अ‍ॅलर्जी करणारा सुगंधी घटक ०.००१ टक्क्याच्या वर गेला, तर त्याचं नाव स्वतंत्र छापावं लागतं. आधी असे २६ घटक होते, २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या वर नेली. संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन हवा लागून ऑक्सिडाइज झालं की जास्तच त्रासदायक होतं. ड्रॉपर रोज उघडायचा म्हणजे हवा रोज आत. 'नॅचरल' म्हणून मिरवतात ते हेच तेल.

यादीत पाण्याखालोखाल ग्लायकॉलिक अ‍ॅसिड होतं. हे उसात सापडतं म्हटल्यावर मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं! पण कारखानदारीत ते बऱ्याचदा फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइडपासून बनवतात. रेणू तोच, त्यामुळे उसातलं चांगलं आणि टाकीतलं वाईट असं काही नसतं. फरक पडतो तो पीएचनं. फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा. याचा पीकेए ३.८ च्या आसपास. पीएच ३.८ असेल तर निम्मं अ‍ॅसिड मोकळं असतं, पीएच ५ ला जेमतेम सहा टक्के. कातडीत शिरतं आणि झोंबतं ते हे मोकळं अ‍ॅसिड. म्हणजे खोक्यावर नुसतं '१०% ग्लायकॉलिक' लिहिण्याला पीएचशिवाय अर्थ नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं १९९८ मध्ये घातलेली मर्यादाही जोडीनंच आहे: १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको, शिवाय उन्हापासून संरक्षण. माझ्या खोक्यावर ना टक्का, ना पीएच.

उलट एका नावाला मी उगीच घाबरले. सीटेअरिल अल्कोहोल. हे मळीपासून काढतात ते स्पिरिट नव्हे, मेणासारखं मऊ असतं आणि ते सहसा कातडी कोरडी करत नाही. 'अल्कोहोल डिनॅट' दिसलं तर मात्र नाजूक कातडीवाल्यांनी विचार करावा.

राहिलं 'हायपोअ‍ॅलर्जेनिक'. अमेरिकेत १९७५ मध्ये सरकारनं नियम केला की हा शब्द वापरायचा तर चाचणी करून दाखवा. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये नियमच रद्द झाला. तिथं या शब्दाला आजही ठरलेलं माप नाही.

आता माझी खरी तक्रार. घटकांच्या यादीच्या त्याच नियमाला एक शेपूट आहे: द्रव पदार्थाचं पॅक ६० मिलीपेक्षा लहान असेल, तर यादी छापली नाही तरी चालतं. आणि सीरम येतं कितीत? ३० मिलीत! जे सगळ्यात तीव्र, रात्रभर तोंडावर राहणारं, तेच नेमकं सवलतीत बसतं. बऱ्याच कंपन्या स्वतःहून यादी देतात, हे मान्य. पण देणं न देणं त्यांच्या मर्जीवर का? जागा नाही म्हणावं तर बाटलीवर तीन रंगांत जाहिरात मावते. क्यूआर कोडला नखाएवढी जागा लागते. माझ्या मते ही सवलत काढावी आणि यादी खोक्यावर नाही, बाटलीवरच छापायला लावावी.

हे पोरींचे नखरे आहेत असं मेकॅनिकलच्या काही भावी इंजिनिअरांना वाटेल. त्यांच्यासाठी अकोल्याची गोष्ट. तिथल्या एका घरात गोरं होण्याचं क्रीम वापरून तिघींच्या किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, क्रीममध्ये पारा निघाला. त्यातली एक तर बायोटेकची विद्यार्थिनी होती. आपल्याकडे प्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा एक पीपीएमच्या वर चालत नाही, पण बिनयादीच्या डबीत काय आहे ते घेणाऱ्याला कळणार कसं?

मी आता नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावते, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. एका रात्रीत निकाल लागत नाही, अ‍ॅलर्जी कधी कधी उशिरा उठते. आणि खोकं टाकत नाही. रूममेटच्या त्या खोक्याचा यादीचा भाग कापून दुसऱ्या मजल्यावरच्या नोटीस बोर्डावर लावलाय, मेसच्या मेनूशेजारी. तुमच्याकडे असेल त्याचाही लावा. ज्यांच्याकडे नुसतीच बाटली उरलीय त्यांनी माझ्या रूमवर या, कंपनीला यादी मागायचं पत्र मी लिहून ठेवलंय. फक्त नाव बदलायचं.