चिनी विशेषनामांचे मराठी लेखन : एक विचार

परभाषिक विशेषनामांचे लेखन ही केवळ मुद्रितशोधनाची बाब आहे, असा समज तौलनिक साहित्याभ्यासात रूढ आहे. वस्तुतः ती अर्थनिर्णयाची बाब आहे. चिनी नावे मराठीत बहुधा इंग्रजी ग्रंथांतून, म्हणजे रोमन लिपीच्या मध्यस्थीने येतात. म्हणूनच त्यांच्याबाबतीत हे विशेषत्वाने जाणवते.

त्साओ यू (१९१०–१९९६) हे आधुनिक चिनी नाटककार. तिसऱ्या शतकातील एका राजपुत्राचे नावही रोमन लिपीत तसेच लिहिले जाते. तो सत्ताधीश व कवी त्साओ त्साओ याचा पुत्र आणि वेइ घराण्याच्या अखेरच्या सम्राटाचा पिता. चिनी लिपीत दोन्ही नावांतील दुसरे अक्षर निराळे आहे. उच्चारातील सूरही निराळा आहे. रोमन लेखनात सूरचिन्हे सहसा गाळली जातात आणि भेद पुसला जातो. कथाकार लू श्युन (१८८१–१९३६) आणि वू राज्याचा सेनापती लू श्युन (१८३–२४५) यांचीही तीच गत. कथाकाराचे मूळ आडनाव चौ. हेच एका प्राचीन राजघराण्याचे नाव. आणि त्या घराण्याने उलथवलेल्या शांग राजाचे नावही रोमन लिपीत तेच!

याउलट, दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात आलेला प्रवासी एकच असूनही ‘ह्युएन त्संग’ आणि ‘युआन च्वांग’ अशा दोन रूपांत भेटतो.

रोमन लिपीची ही मर्यादा चिनी नावांपुरती नाही. पलूस हे नाव त्या लिपीत वाचणारा परका वाचक ‘पळुस’ म्हणेल की ‘पालुस’, हे सांगता येत नाही. शेजारच्या कुंडलचे ‘कुंदल’ही होऊ शकते. येथील माणसाचे त्यामुळे काही अडत नाही, कारण त्याला गाव ठाऊक असते. चिनी नावापुढे मराठी वाचकाला असा आधार नसतो. मोठ्या ग्रंथालयापासून दूर असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एकच मराठी पुस्तक असेल, तर सेनापतीचे चरित्र कथाकाराच्या नावावर जमा होणे अशक्य नाही.

यावर उपाय अवघड नाही. रोमन अक्षरे न उतरवता उच्चार उतरवावा. ‘त्साओ’चे ‘काओ’ होऊ देऊ नये. तथापि देवनागरीही सूर दाखवीत नाही. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतील च-कारांचा भेददेखील आपण लेखनात दाखवीत नाही. म्हणून प्रथमोल्लेखी जन्ममृत्यूची वर्षे व कार्यक्षेत्र द्यावे आणि नामसूचीत मूळ चिनी अक्षरे छापावीत. याने वाचनाचा ओघ खंडित होतो, असा आक्षेप संभवतो. परंतु कोणाविषयी वाचतो आहोत हेच निश्चित नसेल, तर त्या ओघाचे मोल ते काय? भाषांतरकाराची निष्ठा वाक्यात शोधली जाते. तिची पहिली कसोटी नावातच लागते.