खापर वाऱ्यावर फोडू नका

छोटे खासगी विमान उतरताना धावपट्टी सोडून गवतात घुसले की खापर बहुतेक वेळा वाऱ्यावर फुटते. अचानक झोत आला, विमान हातातून सुटले, असे सांगितले की ऐकणाऱ्याचेही समाधान होते. आडव्या वाऱ्यापुढे कधीकधी कोणाचेच चालत नाही, हे कबूल. पण सेस्ना १७२च्या पुस्तिकेत १५ नॉट आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवल्याची नोंद आहे, आणि प्रत्यक्षात ताबा त्याहून कितीतरी हलक्या वाऱ्यातही सुटतो. सुरुवात धावपट्टीच्या अलीकडेच झालेली असते. साधारण ६५ नॉटने यायचे विमान ७५ने आले, तर वाढ दहाचीच दिसते. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती तब्बल एकतृतीयांशाने जास्त होते. ती जिरेपर्यंत विमान टेकत नाही, तरंगत पुढे जात राहते. धावपट्टी संपत चाललेली पाहून वैमानिक योक पुढे रेटतो आणि नाकाखालचे चाक आधी टेकते. पंखांत अजून उचल असते, त्यामुळे मुख्य चाकांवर भार नाही, ब्रेकना पकड नाही, आणि सगळे विमान पुढच्या चाकाभोवती फिरू लागते. आता वाऱ्याची झुळूकही पुरते. तिलाच कारण ठरवले, तर मूळ चूक पुढच्या वैमानिकासाठी तशीच शिल्लक राहते.

दुसरा युक्तिवाद यंत्राचा: विमानच असे बनवा की माणसाच्या हातावर विसंबावे लागू नये. त्याला इतिहासाचा आधार आहे. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असे. जरा तिरके टेकले की विमान गर्रकन फिरे. तिसरे चाक नाकाखाली आले आणि हा धोका बराच घटला. फ्रेड वाइक यांनी तर अर्कूप विमानातून रडरची पेडलेच काढून टाकली. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला २०१५मध्ये छोट्या विमानांचा हवेत ताबा सुटणे हा विषय आपल्या अग्रक्रमाच्या यादीत घालावा लागला. सिरस विमानात अख्खे विमान तोलणारे पॅराशूट असते, पण जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर ते उघडायला अवधीच मिळत नाही.

माझे म्हणणे असे की उतरणे बिघडते आहे हे ओळखून ते सोडून देणे आणि पुन्हा वर जाणे, म्हणजेच गो-अराउंड, उतरण्याइतकेच घोटून घेतले पाहिजे. यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप ह्यूस्टनचा. ९ जून २०१६ रोजी तिथल्या हॉबी विमानतळावर सिरस एसआर२० हे विमान उतरणे सोडून वर जाताना स्टॉल होऊन कोसळले आणि तिघांचा जीव गेला. मग वर जाणे सुरक्षित कसे? चौकशीने काढलेले कारण पाहा: सुरक्षित वेग येण्याआधीच फ्लॅप मिटले गेले, आणि नियंत्रण कक्षाच्या गुंतागुंतीच्या सूचनेने त्यात भर घातली. चूक वर जाण्याच्या निर्णयात नव्हती, ते करण्याच्या पद्धतीत होती. पूर्ण थ्रॉटल देताच उतरण्यासाठी ट्रिम केलेले नाक जोरात वर येते आणि डावीकडे ओढते. योक दाबून धरायचा, उजवे पेडल द्यायचे, वेग वाढेल तसतसे फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटायचे, आणि हे सारे जमिनीलगत, काही सेकंदांत. परीक्षेपुरते शिकलेल्याला ते ऐन वेळी कसे साधेल?

उड्डाणाचा तास महाग आहे, तो उतरण्याच्या सरावालाच पुरत नाही, ही तक्रार रास्त आहे. बारामती, धुळे, गोंदियात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना तो खर्च चांगला ठाऊक आहे. पण मोडलेले नाकाचे चाक आणि वाकलेला प्रोपेलर त्याहून महाग पडतो. म्हणून प्रशिक्षकांना विनंती: सोलोला सोडण्याआधी पूर्ण फ्लॅपवर, चाके टेकण्याच्या बेतात असताना विद्यार्थ्याला वर जायला लावा, आणि त्याने स्वतःहून सोडून दिलेले लँडिंग त्याच्या गुणांत धरा.