मातीकाम शिकायचं तर पुरतं

हौसेने एक दिवस चाकावर बसून दिवा करून आणणाऱ्या आपल्यात खूप जणी आहेत. पुढच्या कार्यशाळेचं नाव काढलं की मात्र म्हणतात, पृथ्वीकाय-अग्निकाय जीवांची विराधना कशाला? शंका रास्त आहे. (महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांतला सद्दालपुत्त कुंभारच होता म्हणा!) पण मला वाटतं, अर्धवट शिकण्यातच विराधना जास्त. भांडं ओलसर राहिलं की भट्टीत फुटतं. माती आणि आग, दोन्ही वाया. कच्चं वाळलेलं भिजवलं की परत माती होते, भाजलेलं होत नाही. काय मोडायचं, काय भाजायचं, हे पुढच्या वर्गातच कळतं. तिथे स्टोनवेअर १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, ग्लेझसाठी सिलिका-फेल्डस्पार ग्रॅमवर तोलतात. माझ्यासारख्या बी.कॉम.वालीला तो हिशेब फार आवडतो. चातुर्मासात भट्टी बंद, हे मी आधीच ठरवलंय.