घरातल्या पुरुषांनो, किडनीदानाच्या तपासणीला तुम्हीही या



ज्यांच्या घरात कुणी डायलिसिसवर आहे अशा सर्व कुटुंबांना, आणि त्यातही त्या घरांतल्या वडील, भाऊ, नवरा आणि मुलगा यांना हे जाहीर आवाहन आहे.

मला माझ्या थोरल्या भावाने किडनी दिली. डायलिसिसच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या बायकांना याचं फार नवल वाटायचं. पलंगावर पुरुष असला, की बाहेरच्या बाकावर किडनी द्यायला तयार असलेली बायको नाहीतर आई हटकून दिसायची. पलंगावर बाई असली, की "यादीत नाव घातलंय, बघू" एवढंच ऐकू यायचं. आकडेही हेच सांगतात. 'नोटो' या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या नोंदींनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ज्यांना अवयव मिळाले, त्यांत दर पाच जणांमागे जवळपास चार पुरुष होते. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त.

ज्यांनी डायलिसिस जवळून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. फिस्टुलाच्या (सुयांसाठी शिरा जोडून तयार केलेल्या) हातात दोन जाड सुया. पाणी मोजून प्यायचं, आणि त्या मापात चहा न् आमटीसुद्धा धरायची. नारळपाणी बंद, केळं बंद. निरोगी किडनी चोवीस तास करते ते काम मशीन आठवड्याच्या बारा तासांत कसंबसं उरकतं, म्हणून माणूस घरी येतो तो गळून गेलेला. मृत दात्याकडून किडनी मिळावी म्हणून यादीत नाव जरूर नोंदवा, पण तिथे वर्षानुवर्षं थांबावं लागू शकतं. घरचा दाता असला तर शस्त्रक्रियेचा दिवस ठरवता येतो आणि किडनी शरीराबाहेर फार वेळ राहत नाही. पुष्कळदा टेबलावरच लघवी सुरू होते. अशी किडनी सरासरी पंधरा-वीस वर्षं साथ देते, मृत दात्याच्या किडनीपेक्षा सहसा जास्त.

मग पुरुष मागे का राहतात? "कमावत्या माणसाच्या पोटाला सुरी कशी लावायची?" हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. समुपदेशनाला वहिनी वहीत प्रश्न लिहूनच आल्या होत्या. एका किडनीवर हे जड काम करू शकतील? पुढे यांचीच किडनी गेली तर? डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. उरलेली किडनी आकाराने वाढते आणि दोन्ही मिळून जेवढं काम करायच्या, त्याच्या साठ-सत्तर टक्के काम एकटी करू लागते. शस्त्रक्रियेत दाता दगावण्याचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास. पुढे किडनी निकामी होण्याचा धोका किंचित वाढतो, म्हणून तर मधुमेह किंवा न आटोक्यातला रक्तदाब असलेल्याला दाता म्हणून घेत नाहीत. दरवर्षी रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन तपासायचं आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. पुरुषत्वावर काहीही परिणाम होत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. वहिनींचं समाधान झालं ते या उत्तरांनी. दादा आठवड्याच्या आत घरी गेला आणि दीड-दोन महिन्यांत दुकानावर बसू लागला.

म्हणून माझी कळकळीची विनंती:

१. घरातल्या सगळ्या सज्ञान आणि धडधाकट माणसांनी तपासणीसाठी नाव द्या. दाता रिपोर्ट बघून ठरू द्या. आई आणि बायको आहेतच, असं गृहीत धरू नका.

२. नकाराचा मान ठेवा. दान मनापासून असेल तरच ते दान. ज्याला द्यायची नाही त्याने डॉक्टरांना एकांतात सांगावं. दाता स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असं नियमच सांगतात.

३. रक्तगट जुळला नाही म्हणून हात टेकू नका. तुमची किडनी दुसऱ्या कुटुंबातल्या रुग्णाला आणि त्यांची तुमच्या रुग्णाला, अशी अदलाबदल २०११ च्या दुरुस्तीपासून अवयव प्रत्यारोपण कायद्याला मान्य आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे चौकशी करा.

४. कायदा समजून घ्या. आई-वडील, मुलं, भावंडं, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. मेहुणा, जावई, सून किंवा मित्राला द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. कागद वाढतात, पण वाट बंद नाही.

५. एजंटाला दारात उभं करू नका. किडनीची खरेदी-विक्री हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड. त्यात फसतो तो कुणीतरी कर्जात बुडालेला गरीब.

६. पैशांमुळे थांबण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे. मात्र प्रत्यारोपणानंतरची औषधं जन्मभराची असतात, त्या खर्चाची तजवीज आधीच करा.

दुकानदार, कारखानदार आणि संस्थाचालकांनाही एक मागणं आहे. केंद्र सरकार अवयवदान करणाऱ्या कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा देतं. तुमच्याकडचा कुणी दाता झाला तर त्याला, तिला पगारी रजा द्या. रोजगार बुडेल या भीतीने कुणाची बहीण डायलिसिसवर राहता कामा नये.

आणि रुग्ण भगिनींनो, "माझ्यासाठी कशाला कुणाला त्रास" असं म्हणून गप्प बसू नका. मागा. मागण्यात कमीपणा नाही.

बंधूंनो, पुढच्या खेपेला तिला डायलिसिसला सोडाल तेव्हा खालूनच परत फिरू नका. वर जा, डॉक्टरांना भेटा आणि विचारा, "माझी तपासणी कधी करायची?"

आपली,
भावाच्या किडनीवर जगणारी एक बहीण