उजनी हिरवी होते ती कशावर?

उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात हिरवे झाले की दोष उन्हाला दिला जातो. ऊन निमित्त आहे. सूर्यप्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड यांवर शेवाळ आपले अन्न बनवते हे खरे. पण वाढायला त्याला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. ते पुणे, पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यातून भीमेच्या वाटेने आयते येतात. थोडे शेतांतल्या खतांतूनही.

यात नीलहरित शेवाळ (खरे तर हे जिवाणूच) फार हुशार. फॉस्फरस मुबलक असताना ते गरजेपेक्षा जास्त घेऊन पेशीत साठवते आणि टंचाईत त्यावर गुजराण करते. नायट्रोजन कमी पडला तर त्याच्या काही जाती तो हवेतून मिळवतात. म्हणून आधी आवर घालायला हवा तो फॉस्फरसला. तळाच्या गाळातही तो साचलेला असतो. तिथला प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात मिसळतो. आज सांडपाणी थांबवले तरी धरण लगेच निवळणार नाही, ते यामुळे.

मैलापाण्यावरच्या नेहमीच्या प्रक्रियेत घाण आणि दुर्गंधी कमी होते, फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो. तो काढण्याची सोय वेगळी करावी लागते. खर्च आहे, पण तो पुण्याच्या बाजूनेच व्हायला हवा. हे पाणी पितात सोलापूरकर. मायक्रोसिस्टिससारख्या शेवाळाचे विष यकृताला घातक असते आणि पाणी उकळूनही ते जात नाही. हिरवी साय धरलेले पाणी जनावरांनाही पाजू नये.