मायक्रोफोनची वंशावळ आणि ‘सुधारणे’चा घोळ

१/ नांदेडहून निघालेला रस्ता वारंगा फाट्याला दुभंगतो. एक वाट हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव-यवतमाळमार्गे नागपूरकडे. यांतली एक दुसरीची ‘सुधारित आवृत्ती’ आहे, असे कोणी म्हणत नाही. स्टुडिओतल्या मायक्रोफोनांविषयी मात्र असेच बोलले जाते. एक पक्ष नव्या आवृत्तीला प्रगती म्हणतो, दुसरा ‘जुने ते सोने’ म्हणतो. इतिहासाची साक्ष दोघांच्याही विरोधात जाते.

२/ आधी निर्विवाद सुधारणा पाहू. १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यास आला, तेव्हा गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून खणखणीत गावे लागे. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण आले, कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली आणि हलका स्वरही तबकडीवर उतरू लागला. १९३०च्या दशकात रुजलेल्या मराठी भावगीताचा हळुवारपणा या यंत्राचाही ऋणी आहे.

३/ पुढची वंशावळ इतकी सरळ नाही. बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा यू ४७ हा मायक्रोफोन १९४९ मध्ये बाजारात आला. त्याचा प्राण होता टेलिफुंकेनचा व्हीएफ १४ हा व्हॉल्व्ह. त्याचे उत्पादन थांबले आणि १९६० मध्ये ईएफ ८६ व्हॉल्व्हवर चालणारा यू ६७ आला. म्हणजे ‘नवी आवृत्ती’ निघण्यामागे एक कारण असे होते की जुना सुटा भाग मिळेनासा झाला होता.

४/ दुसरे कारण गायकीचे. गायक मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन गाऊ लागले होते. यू ६७ या सवयीला धरून घडवला गेला. गरज बदलली, म्हणून साधन बदलले. एका गरजेचे उत्तर दुसऱ्या गरजेच्या मापाने मोजून त्याला सरस वा निरस ठरवणे हा कालविपर्यास आहे.

५/ १९६७ चा यू ८७ व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरवर आला. तो बॅटरीवरही चालत असे. १९८६ च्या यू ८७ एआय आवृत्तीत कॅप्सूलला मिळणारा विद्युतदाब वाढला, संवेदनशीलता वाढली आणि बॅटरीची सोय गेली. हे बदल मोजता येतात. संवेदनशीलता वाढणे ही सुधारणाच आहे. ती नाकारणारा स्मरणरंजनात रमलेला असतो. परंतु तेवढ्यावरून ‘आवाज अधिक चांगला’ असा निष्कर्ष काढणारा मापन आणि अभिरुची यांत गल्लत करतो.

६/ आता ‘मूळ’वाद्यांकडे वळू. यू ४७ च्या आरंभीच्या कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा होता. पीव्हीसी काळाने ताठर होते. आज लिलावात चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या अनेक यू ४७ मध्ये कॅप्सूल तरी बदललेले असते, नाहीतर व्हॉल्व्ह तरी. अशा वेळी ज्या ‘मूळ आवाजा’ची शपथ घेतली जाते, तो १९४९ चा आवाज की सत्तर वर्षांच्या झिजेचा आणि दुरुस्तीचा?

७/ मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि तिच्या प्राचीनत्वावर वाद झडला. ‘मूळ’ हाती आले असे म्हणताच पुरावा मागायचा असतो, हे मराठी संशोधनाने तेव्हाच शिकवले. पोथीला लावलेली ही कसोटी यंत्राला का लावू नये?

८/ २०१८ मध्ये नॉयमनने यू ६७ पुन्हा बाजारात आणला. मूळवादी याला नव्याच्या पराभवाची कबुली मानतात. या घटनेतून सिद्ध एवढेच होते की जुन्या रचनेला आज गिऱ्हाईक आहे. मागणी हा बाजाराचा पुरावा झाला. कानाचा पुरावा वेगळा असतो.

९/ हा वाद नुसत्या हौसेचा नाही. तालुक्याच्या गावी एका खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाला सांगितले जाते की लाखोंचा ‘मूळ’ मायक्रोफोन नसेल, तर आवाजाला वजन येणार नाही. हे सांगणाऱ्यास त्याने तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या आवृत्तीशी तुलना करता? तिच्या आतले कोणते भाग बदललेले आहेत? आणि कोणत्या कामासाठी? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत त्याने आपले पैसे खिशातच ठेवावेत.