‘क्षमता ३०० किलो’ म्हणजे नेमके काय?

खास प्रतिनिधी, मुंबई

घरच्या घरी व्यायामशाळा उभारणारा शहरी ग्राहक आता डंबेलवर समाधान मानत नाही. त्याला ‘पॉवर रॅक’ हवा आहे. मात्र किंमत आणि जाहिरातीतील क्षमतेचा आकडा एवढ्या दोनच गोष्टी पाहून केलेली ही खरेदी जिवावर बेतू शकते. स्वस्त रॅक घ्यायला हरकत नाही. स्वस्ताई कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे मात्र आधी समजून घेतले पाहिजे.

राजस्थानातील बिकानेर येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये सतरा वर्षांच्या एका महिला पॉवरलिफ्टरचा सरावादरम्यान मृत्यू झाला. २७० किलो वजनाचा दांडा तोल जाऊन तिच्या मानेवर कोसळला. ती राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदक मिळविलेली खेळाडू होती आणि त्या वेळी प्रशिक्षकही तिच्याजवळच होता. या घटनेची चित्रफीत देशभर पाहिली गेली, हळहळ व्यक्त झाली आणि काही दिवसांत विषय मागे पडला. परंतु या दुर्घटनेने उपस्थित केलेला प्रश्न केवळ स्पर्धात्मक खेळापुरता नाही. मुरलेली खेळाडू आणि सोबत प्रशिक्षक असतानाही निसटलेला दांडा माणसाच्या हातांनी आवरता येत नसेल, तर पहाटे साडेपाच वाजता सदनिकेतील एखाद्या खोलीत दार लोटून एकट्याने वजन उचलणाऱ्याचे काय?

असे एकटे व्यायाम करणारे आज शहरांत कमी नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि व्यायामशाळांना कुलपे लागली. केंद्र सरकारने त्या वर्षी ५ ऑगस्टपासून त्या उघडण्यास परवानगी दिली, तरी महाराष्ट्रात मात्र २५ ऑक्टोबरच्या दसऱ्यापर्यंत वाट पाहावी लागली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत त्या पुन्हा बंद झाल्या. या काळात अनेकांच्या घरी डंबेल, प्लेट आणि बेंच आले. साथ ओसरली, पण लोकलचा प्रवास आणि कार्यालयाच्या वेळा सांभाळून व्यायामशाळा गाठण्यापेक्षा घरीच घाम गाळण्याची सवय अनेकांच्या अंगवळणी पडली. वजन वाढत गेले आणि ओघानेच रॅकची गरज भासू लागली.

रॅक म्हणजे मुळात काय? चार उभे चौकोनी खांब, त्यांवर ठरावीक अंतराने पाडलेली छिद्रे, दांडा टेकविण्यासाठी दोन हुक आणि निसटलेला दांडा झेलण्यासाठी दोन आडवे सेफ्टी बार, एवढाच हा पिंजरा. तालमीत वा व्यायामशाळेत जड वजन घेताना पाठीमागे कोणीतरी हात पुढे करून उभा असतो. घरात तो माणूस नसतो. त्याची जागा या दोन आडव्या दांड्यांनी घ्यायची असते. म्हणूनच रॅककडे व्यायामाचे साधन म्हणून न पाहता सुरक्षेचे साधन म्हणून पाहिले पाहिजे. सगळा हिशेब येथून बदलतो.

कराचे गणित

या खरेदीला करआकारणीचाही एक पदर आहे. वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून जे बदल झाले, त्यांत व्यायामशाळांच्या सेवेवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. क्रीडासाहित्यावरील करही १२ वरून ५ टक्के झाला. परंतु क्रीडासाहित्याच्या या सवलतीतून सर्वसाधारण व्यायामाची साधने वगळण्यात आली. त्यांवर १८ टक्के कर कायम राहिला. म्हणजे क्रिकेटची बॅट घेणाऱ्याला आणि व्यायामशाळेत नाव घालणाऱ्याला दिलासा मिळाला, घरी रॅक बसविणाऱ्याला नाही. वीस हजार रुपये मूळ किमतीच्या रॅकवर ३,६०० रुपये कर पडतो. साहजिकच ग्राहक आणखी स्वस्त पर्यायाकडे वळतो. ही काटकसर कोणत्या भागावर होते, हाच कळीचा मुद्दा आहे.

आकडा कोण ठरवतो?

दुकानात आणि संकेतस्थळांवर रॅकसमोर ‘क्षमता ३०० किलो’, ‘क्षमता ४५० किलो’ असे ठळक आकडे असतात. ते बहुधा विक्रेत्याने स्वतः दिलेले असतात. हा भार सावकाश टेकवलेला की वरून आदळलेला, खांबांवरचा की हुकांवरचा, याचा खुलासा नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. कारण पोलादाचे उभे खांब घरगुती वापरात सहसा दगा देत नाहीत. धोका असतो तो हुकांचे वेल्डिंग, सेफ्टी बारच्या पिना आणि पातळ पत्र्याला पाडलेल्या छिद्रांच्या कडा यांत.

साधा हिशेब पाहू. शंभर किलोचा दांडा तीस सेंटिमीटर उंचीवरून सेफ्टी बारवर पडला आणि एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर तेवढ्या क्षणापुरते सरासरी बल सुमारे तीन टन वजनाइतके होते. प्रत्यक्षात दांडा वाकतो, रबर दबते आणि हे बल बरेच कमी भरते. तरीही ते शंभर किलोंच्या अनेक पट असते. स्थिर भाराची ‘३०० किलो’ क्षमता अशा वेळी पुरेलच असे नाही.

व्यायामाच्या स्थिर साधनांसाठी ‘आयएसओ २०९५७’ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. तिचा पहिला भाग सर्वसाधारण सुरक्षेचा, तर दुसरा शक्तिवर्धक साधनांचा आहे. घरगुती वापरासाठी ‘एच’ आणि व्यावसायिक वापरासाठी ‘एस’ असे वर्ग त्यात आहेत. विक्रेत्याला एवढेच विचारावे : साधनाची चाचणी कोणत्या मानकानुसार आणि कोणत्या वर्गासाठी झाली? उत्तर लेखी मिळाले तर उत्तम. मिळाले नाही, तर ग्राहकाने स्वतःच पडताळणी करावी. ती फारशी अवघड नाही.

तराजू खोटे बोलत नाही

लोखंडाच्या बाजारात पाइपची जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि तेथे नवख्याची हमखास फसगत होते. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. चौदा गेज म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर, अकरा गेज म्हणजे सुमारे तीन. त्यामुळे गेजऐवजी मिलिमीटरमध्ये जाडी विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

त्याहून सोपी कसोटी रॅकच्या स्वतःच्या वजनाची. ५० मिलिमीटर चौकोनी पाइप दोन मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचे वजन मीटरला सुमारे तीन किलो भरते. तीन मिलिमीटर जाडीचा असेल तर सुमारे साडेचार किलो. ७५ मिलिमीटर चौकोनी आणि तीन मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला पावणेसात किलोंच्या आसपास जातो. सात फुटी चार खांब आणि आडवे पाइप धरून पूर्ण पिंजऱ्याला साधारण सतरा मीटर पाइप लागतो. म्हणजे ५० मिलिमीटरचा सांगाडा दोन मिलिमीटर जाडीत पन्नास किलोंच्या, तर तीन मिलिमीटर जाडीत पंचाहत्तर किलोंच्या घरात असला पाहिजे. ‘तीन मिलिमीटर जाड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चौखांबी रॅकचे वजन पंचेचाळीस किलोच लिहिलेले असेल, तर दोहोंपैकी एक विधान चुकीचे आहे. हा हिशेब करायला अभियंता लागत नाही.

मग दोन मिलिमीटरचा रॅक घेऊच नये काय? तसेही नाही. नुकतीच सुरुवात केलेल्या आणि साठ-सत्तर किलोंच्या पलीकडे न जाणाऱ्या माणसाला नीट वेल्डिंग केलेला असा रॅक पुरतो. मात्र व्यायाम सुरू ठेवला तर वजन वाढतेच. दोन वर्षांनी दुसरा रॅक घ्यावा लागला, तर पहिला स्वस्त पडला असे म्हणता येणार नाही.

झेलणारे दांडे

खरेदीच्या वेळी सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग म्हणजे सेफ्टी बार. कमी किमतीत मिळणाऱ्या दोनखांबी स्क्वॉट स्टँडला पुष्कळदा ते नसतातच. असले तरी एका टोकालाच आधार असलेले आखूड हात असतात. अशा हातांवर दांडा टोकाकडे पडला की सगळा स्टँड पुढे कलण्याचा धोका असतो. चौखांबी पिंजऱ्यात सेफ्टी बारला दोन्ही टोकांना आधार मिळतो आणि माणूस आत उभा असतो. एकट्याने व्यायाम करणाऱ्यासाठी हाच फरक निर्णायक आहे.

दुसरा मुद्दा छिद्रांमधील अंतराचा. बेंच प्रेस करताना सेफ्टी बार फुगवलेल्या छातीच्या किंचित खाली आणि गळ्याच्या वर राहील, अशा उंचीला लावायचा असतो. दांडा उचलला गेला नाही तर छाती सैल सोडायची आणि भार बारवर टेकवायचा. छिद्रांत दहा सेंटिमीटर अंतर असेल तर ही उंची साधत नाही : बार एक तर छातीच्या वर राहून व्यायाम अडवतो, किंवा इतका खाली जातो की गळ्याचे संरक्षण होत नाही. पाच सेंटिमीटर अंतर चालते. बेंचच्या पट्ट्यात अडीच असेल तर अधिक चांगले. पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच बेंचवर आडवे होऊन, रिकामा दांडा घेऊन हे तपासावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

खोली, पंखा आणि शेजारी

मुंबई-पुण्याच्या घरांत रॅकचा पहिला शत्रू म्हणजे छताचा पंखा. सात फुटी रॅक पावणेतीन मीटर उंचीच्या खोलीत सहज मावतो. पण पावणेसहा फूट उंचीच्या माणसाने दांडा डोक्यावर नेला की मोठ्या प्लेटची वरची कड २.४ मीटरच्या आसपास पोहोचते. बहुतेक घरांत पंख्याची पातीही त्याच उंचीवर फिरत असतात.

दांड्याचेही असेच. ऑलिंपिक दांडा २.२ मीटर लांब असतो आणि त्याच्या दोन कॉलरमधील अंतर १.३१ मीटर. दहा फुटी खोलीत तो मध्यभागी ठेवला तर प्रत्येक बाजूला जेमतेम चाळीस सेंटिमीटर उरतात. त्यातूनच प्लेट चढवायच्या असतात. टाळेबंदीत घेतलेल्या संचातील पाच फुटी रॉड नव्या रॅकवर वापरू, असा अनेकांचा समज असतो. चार फूट रुंद रॅकवर त्या रॉडच्या दोन्ही बाजूंना मिळून फूटभरही जागा राहत नाही. तेव्हा रॅकच्या अंदाजपत्रकात दांड्याची किंमत आधीच धरावी.

राहता राहिली जमीन. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलो भार गृहीत धरला आहे. रॅक, प्लेट, बेंच आणि माणूस मिळून तीनशे-साडेतीनशे किलोंचा भार सुस्थितीतील इमारतीच्या खोलीला सहसा जड नाही. त्रास होतो तो वारंवार आदळणाऱ्या वजनाचा. जाड रबरी चटई अपरिहार्य आहे, आणि ती खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी संबंध टिकविण्यासाठीही. मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अशा इमारतीत राहणाऱ्याने तो अहवाल पाहूनच निर्णय घ्यावा आणि बाल्कनीत रॅक लावण्याचा मोह टाळावा.

काटकसर कोठे करावी?

रंग, चकचकीत पावडर कोटिंग, केबलची पुली, जोडण्यांचे डझनभर प्रकार यांवर खुशाल काटकसर करावी. हे सारे नंतरही घेता येते. खांबांची जाडी, हुक, सेफ्टी बार आणि पायाची रुंदी यांवर मात्र तडजोड नको. भाड्याच्या घरात फरशीला भोके पाडून रॅक पक्का करता येत नाही. तेथे मागच्या खुंट्यांवर प्लेट ठेवून रॅकला भार देता येतो.

जुना माल हा आणखी एक प्रामाणिक पर्याय आहे. बंद पडणाऱ्या व्यायामशाळांचे साहित्य विक्रीला येते आणि व्यावसायिक वापराचा जुना रॅक नव्या घरगुती रॅकपेक्षा पुष्कळदा मजबूत निघतो. घेताना वेल्डिंगजवळचा गंज, लांबट झालेली छिद्रे आणि वाकलेले सेफ्टी बार तेवढे पाहावेत. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून रॅक बनवून घेण्याचीही पद्धत आहे. सांगाडा तो उत्तम बनवतो; पण समोरासमोरची छिद्रे एका पातळीत आली नाहीत तर दांडा तिरका बसतो, आणि काही बिनसले तर जबाबदार कोण, हे कागदावर नसते.

कागदाचे महत्त्व येथे लक्षात घेतले पाहिजे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यावर टाकण्याची स्वतंत्र तरतूद केली असून ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते. त्यासाठी पावती, जाहिरातीतील क्षमतेचा उल्लेख आणि विक्रेत्याचे लेखी उत्तर जपून ठेवणे आवश्यक आहे. वाकलेल्या हुकाचे छायाचित्र आणि ‘क्षमता ३०० किलो’ हा छापील दावा एकत्र ठेवला, तरच तक्रारीला वजन येते.

अर्थात कायदा अपघातानंतर कामाला येतो. रॅक घरी आल्यावर पहिले काम ग्राहकाचेच : सेफ्टी बार लावायचे, त्यांवर आधी रिकामा आणि मग भरलेला दांडा सावकाश टेकवायचा, बोल्ट पुन्हा आवळायचे आणि नंतरच त्या पिंजऱ्यात पाऊल टाकायचे. हात थकलेले असतील आणि हाकेला कोणी नसेल, तेव्हा या दोन दांड्यांखेरीज मदतीला कोणीही येणार नाही. वाचवलेल्या दोन-चार हजारांचा हिशेब त्या क्षणाशी घालून पाहावा.